आगगाडी, मोटरपंप आणि बोलपटातले संवाद

मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याचे बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर झाले. इंपीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता आणि ध्वनिरोधक मंच तेथे नव्हता. त्यामुळे शेवटची गाडी गेली की काम सुरू करायचे आणि पहाटेची पहिली गाडी येण्यापूर्वी थांबवायचे, असा क्रम ठरला. मायक्रोफोन उंचावर धरण्यासाठी बूमचा दांडाही त्यावेळी हाताशी नव्हता. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कुठल्याही जागी मायक्रोफोन दडवावा लागे, असे निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी पुढे सांगितले आहे.

ही हकीकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र ती ऐकून एक प्रश्न विचारायला हवा. नट मायक्रोफोनपासून दोन हातांवर आणि गाडी भिंतीपलीकडे. मग गाडीचा आवाज गाळून नटाचा तेवढा ठेवता येत नव्हता का? या प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांतल्या बोलपटांचा, विशेषतः त्यात ऐकू येणाऱ्या (आणि न येणाऱ्या) बोलीचा, बराच इतिहास आला आहे.

इराणींकडे 'तानार' नावाची यंत्रणा होती. तिच्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर नोंदले जात. अमेरिकेतून आलेल्या विल्फोर्ड डेमिंग या तंत्रज्ञाने ती जुळवून दिली आणि नंतर इराणींनी ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच शिकून घेतले. या पद्धतीत नंतर दुरुस्तीला वाव नाही. मायक्रोफोनमध्ये जे शिरले ते फिल्मवर गेले. कानाचे तसे नसते. बाजारात उभे राहून आपण समोरच्या माणसाचे बोलणे ऐकतो आणि बाकीचे सोडून देतो, कारण आपल्याला कान दोन आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. मायक्रोफोन एकच आणि त्याला निवड ठाऊक नाही.

भिंतीपलीकडचा खर्ज

गाडीच्या आवाजातील जो भाग भिंतीतून आत येतो तो मुख्यतः खर्जाचा, म्हणजे कमी वारंवारतेचा असतो. भिंत जितकी जड आणि आवाजाची वारंवारता जितकी जास्त, तितका आवाज अडतो. खर्जाला अडवायला भिंत फार जाड लागते. गावात लांबवर वरात चाललेली असली की घरात बसून गाण्याची चाल ओळखता येत नाही, पण ढोलाचा ठोका दार लावले तरी ऐकू येतो. शिवाय गाडीची थरथर जमिनीतून आणि पायातून येते ती वेगळीच.

आता माणसाचा आवाज पाहू. प्रौढ पुरुषाच्या स्वरयंत्राची मूळ वारंवारता साधारण १०० ते १५० हर्ट्झ, स्त्रियांची २०० हर्ट्झच्या आसपास, मुलांची त्याहून वर. बोलण्यातील ऊर्जेचा मोठा वाटा १००० हर्ट्झच्या खाली असतो. पण शब्द कळण्यासाठी लागणारी माहिती बरीचशी त्याच्या वर असते. त, ट, स, श ही व्यंजने ओळखू येतात ती दोन-चार हजार हर्ट्झच्या आणि त्यावरच्या पट्ट्यातून. मराठीत 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च लिहिताना एकच, बोलताना मात्र निराळे. त्यांच्यातला फरकही याच वरच्या भागात राहतो.

याहून नवलाची गोष्ट टेलिफोनची आहे. जुनी टेलिफोन यंत्रणा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचवत असे. म्हणजे पुरुषाच्या आवाजातील मूळ सूर तारेतून जातच नव्हता. तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटे, भारदस्तही वाटे. वरचे सूर मूळ सुराच्या पटीत असतात. मेंदू त्यांच्यातील अंतर पाहून हरवलेला मूळ सूर मनात भरून काढतो. ध्वनिमुद्रकाला खालचा भाग कापण्याची मुभा मिळते ती या मेंदूच्या कृपेने.

हे कापण्याचे साधन अगदी साधे आहे. प्रयोगशाळेत ०.२२ मायक्रोफॅराडचा धारित्र संदेशाच्या वाटेत ठेवावा आणि त्याच्या पुढे १० किलोओहमचा रोध जमिनीला जोडावा. (पुढच्या वर्धकाचा आदान रोध याच्या बराच वर हवा.) २ पाय गुणिले रोध गुणिले धारिता, याचा व्यस्तांक काढला की छेद वारंवारता मिळते. येथे ती सुमारे ७२ हर्ट्झ येते. त्या ठिकाणी संदेश मूळच्या ७१ टक्के उरतो, ३६ हर्ट्झला ४५ टक्के, आणि १२० हर्ट्झच्या पुरुषी सुराला ८६ टक्के. स्टुडिओतली मंडळी या गाळणीला 'लो कट' म्हणतात. आपणही तेच नाव वापरू. त्यांच्या यंत्रातील लो कट अधिक तीव्र उताराचा असतो, दर सप्तकाला १२ किंवा १८ डेसिबेल. आपल्या साध्या जोडणीचा उतार दर सप्तकाला ६ डेसिबेल पडतो.

असा लो कट १९३१ मध्येही जोडता आला असता. पण त्याने काम भागले नसते. गाडीच्या आवाजात खडखडाट आहे, शिट्टी आहे. ती संवादाच्याच पट्ट्यात येते आणि गाळणी तिला हात लावू शकत नाही. तिच्यासाठी मायक्रोफोनलाच दिशा कळावी लागते.

दिशा कळणारा मायक्रोफोन

सुरुवातीच्या बोलपटांत प्रतिष्ठा होती ती धारित्र मायक्रोफोनची. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेन्टे यांनी त्याचे वर्णन १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. ताणलेला पातळ पडदा आणि मागे धातूची तबकडी अशी त्याची रचना. आवाजाच्या दाबाने पडदा हलतो व धारिता बदलते. मात्र दाबाला दिशा नसते. त्यामुळे हा मायक्रोफोन चहूबाजूंचे ऐकतो, निदान खर्जाच्या बाबतीत तरी.

१९३० नंतर आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी रिबन मायक्रोफोन प्रचारात आणला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची एक अतिपातळ, चुण्या पाडलेली पट्टी टांगलेली असते. ती पुढून आणि मागून दोन्हीकडून मोकळी असल्यामुळे दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर हलते. आवाज बाजूने आला तर दोन्हीकडचा दाब सारखाच पडतो आणि पट्टी हलत नाही. म्हणजे प्रथमच मायक्रोफोनला एक बहिरी बाजू मिळाली. पडसाद घुमणाऱ्या खोलीत चहूकडून येणाऱ्या आवाजापैकी तो एक तृतीयांश ऊर्जाच घेतो. त्यामुळे तो नटापासून सुमारे १.७ पट दूर ठेवून तेवढीच सुस्पष्टता मिळते. चौकटीच्या बाहेर राहू पाहणाऱ्या तंत्रज्ञाला हे दान मोठेच होते.

निसर्ग मात्र असे दान फुकट देत नाही. पट्टी दाबाच्या फरकावर चालत असल्याने तोंड फार जवळ आले की खर्ज अवाच्या सवा फुगतो, आणि वाऱ्याच्या झुळकेने तर ती फडफडते. म्हणून आरसीएच्या प्रसिद्ध ४४ मालिकेतील मायक्रोफोनमध्ये 'संगीत' आणि 'आवाज' अशा दोन जोडण्या दिलेल्या होत्या. 'आवाज' जोडणी निवडली की खर्ज कमी होई. म्हणजे दिशा आणि लो कट ही जोडी तेव्हापासूनच एका डबीत बसलेली आहे.

हॉलिवूडचे तंत्रज्ञ संवादाचा खर्ज कापत त्याला आणखी एक कारण होते, आणि मला ते सर्वांत सुंदर वाटते. नट सेटवर साध्या आवाजात बोलतो. सिनेमागृहात तेच बोलणे शेवटच्या रांगेसाठी पुष्कळ मोठे करून वाजवले जाते. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनी दाखवून दिले की, हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो. आवाज वाढला की ही मंदता कमी होते. त्यामुळे यंत्राने इमानेइतबारे मोठा केलेला संवाद रांजणात बोलल्यासारखा घुमतो. तो नैसर्गिक वाटायचा असेल तर थोडा अनैसर्गिक करावा लागतो! अचूकता यंत्राची मोजायची की कानाची, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे टाकण्याजोगा आहे.

कोल्हापूर, पुणे आणि मुक्याने घेतलेली फिल्म

महाराष्ट्रात या साऱ्या विद्येची पहिली मोठी शाळा म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. १९२९ मध्ये कोल्हापूरला स्थापन झालेल्या या कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारीत आला. हा मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, भूमिका गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या. ध्वनीची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी उचलली. दामले मूळचे पडदे रंगवणाऱ्यांपैकी. विद्यापीठातले ध्वनिशास्त्र त्यांच्या वाट्याला आले नव्हते. यंत्र उघडून, जोडून, चुकत शिकण्याची ती परंपरा होती.

तेव्हा गाणीही संवादाप्रमाणेच जागेवर मुद्रित होत. साथीदार कॅमेऱ्याच्या कडेबाहेर बसत, आणि गाणाऱ्या नटाचा चेहरा, तबला आणि मायक्रोफोन यांची अंतरे जुळवणे हेच मिश्रण. पार्श्वगायन १९३५ मध्ये कलकत्त्याच्या 'धूप छाँव' पासून रुजले आणि गाणे या ओझ्यातून सुटले. संवाद मात्र जागेवरच राहिले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३७ च्या 'कुंकू' मध्ये शांतारामांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले आणि घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज यांच्यावर प्रसंग उभे केले. ध्वनिमुद्रणाबद्दलचा हा आत्मविश्वास सहा वर्षांपूर्वी रेल्वेच्या वेळापत्रकाला शरण गेलेल्या चित्रपटसृष्टीतला आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

पण हा आत्मविश्वास चार भिंतींच्या आतला होता. कॅमेरे जड आवरणात बसवलेले, मंच बंदिस्त. पुढे कॅमेरा हलका झाला आणि बाहेर पडला तेव्हा उलटाच परिणाम झाला. आपल्याकडे फार वापरला गेलेला ॲरिफ्लेक्स २ सी हा कॅमेरा चालू झाला की शिलाई मशीनसारखा आवाज करतो. हा आवाज खर्जाचा नाही, मधल्या आणि वरच्या पट्ट्यातला आहे. म्हणजे संवादाच्या अगदी अंगावर बसणारा. येथे लो कट निरुपयोगी. मग निर्मात्यांनी सोपा मार्ग धरला. जागेवरचा आवाज फक्त खूण म्हणून मुद्रित करायचा, त्याला पायलट ट्रॅक म्हणत, आणि काही आठवड्यांनी नटाला बंद खोलीत उभे करून ओठांच्या हालचालीवर संवाद पुन्हा बोलून घ्यायचे. १९६० नंतरची तीन-साडेतीन दशके हिंदीत आणि मराठीतही डबिंग हाच रिवाज झाला.

डबिंगने काय गेले? शेतात उभा असलेला माणूस आणि माजघरात बसलेला माणूस सारख्याच अंतरावरून, सारख्याच कोरड्या खोलीत बोलू लागले. लांबवर हाक मारताना ताणला जाणारा गळा, धापा टाकताना तुटणारे वाक्य, हे खोलीत पुन्हा आणणे फार थोड्यांना जमते. बोलीचेही तेच. मराठवाड्यात 'काय करायलास' म्हणताना जो हेल निघतो तो अंगाच्या हालचालीशी, समोरच्या माणसाशी बांधलेला असतो. गावातून घेतलेल्या नवख्या नटाला पडद्यासमोर कानात आपलाच आवाज ऐकत तो परत काढता येत नाही. मग त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचा आवाज घातला जाई. ग्रामीण चित्रपटातले बरेच खेडूत एकाच साच्याचे बोलतात असे वाटते, त्यात लेखकाइतकाच वाटा त्या बंद खोलीचा आहे, असे माझे मत आहे.

नळीची मर्यादा

परत जागेवर येण्याची वाट दोन गोष्टींनी मोकळी केली. एक, शांत चालणारे कॅमेरे. दुसरी, लांब नळीचा मायक्रोफोन. बंदुकीच्या नळीसारखा दिसतो म्हणून त्याला शॉटगन म्हणतात. नळीला कडेने चिरा असतात. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ पडद्यापर्यंत जातो. बाजूने येणारा आवाज निरनिराळ्या चिरांतून निरनिराळ्या वेळी आत शिरतो आणि त्याचे तरंग एकमेकांना खोडतात. वर्गात व्यतिकरण शिकवताना आपण प्रकाशाच्या दोन फटी दाखवतो. हेच व्यतिकरण येथे कामाला लावले आहे.

आता गणित पाहा. खोडाखोड व्हायची तर चिरांमधले अंतर तरंगलांबीच्या तुलनेत पुरेसे हवे. नळी २५ सेंटिमीटर लांब असेल तर तेवढ्याच तरंगलांबीची वारंवारता ३४० भागिले ०.२५, म्हणजे १३६० हर्ट्झ. त्याच्या आसपास आणि वर नळी दिशा ओळखते. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी मात्र ६.८ मीटर. एवढ्या तरंगाला पंचवीस सेंटिमीटरची नळी म्हणजे नसल्यासारखीच. खर्जापुरती दिशा ओळखण्याची जी थोडीफार शक्ती उरते ती नळीच्या मुळाशी असलेल्या मायक्रोफोनची. म्हणून महागडा शॉटगन घेतला तरी ट्रकची घरघर चहूकडून आत येतेच, आणि म्हणूनच शॉटगनच्या मागे लो कट लागतो. जेथे नळीची सत्ता संपते तेथून गाळणीची सुरू होते. मायक्रोफोन एका दिवशी निवडला आणि लो कट दुसऱ्या दिवशी, असे करता येत नाही. तो एकच निर्णय आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. नळीचा रोख तोंडावरून ढळला तर प्रथम वरचा पट्टा जातो. च, त, स पुसट होतात आणि राहतो तो खर्ज. बूम धरणाऱ्या माणसाला म्हणून संवाद पाठ असावे लागतात. कोण केव्हा बोलणार हे ठाऊक असल्याशिवाय त्याला नळी वेळेवर वळवता येत नाही. श्रेयनामावलीत त्याचे नाव शेवटी शेवटी येते.

२००१ मध्ये प्रदर्शित झालेला 'लगान' कच्छच्या माळरानावर जागेवरच्या ध्वनीसह चित्रित झाला होता. नकुल कामटे यांच्या त्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारात वाटा होता, आणि मोठ्या चित्रपटांनाही हे परवडते हे त्यावेळी पटले. मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा'. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. उघडा माळ, वारा, जनावरे आणि बहुतांशी नवे चेहरे. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत जागेवरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना याच चित्रपटासाठी मिळाला.

असे काम करताना निर्णय कसे घ्यावे लागतात ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू. जालना जिल्ह्यात अंबडकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत बाप-लेकाचा संवाद घ्यायचा आहे. वारा आहे. दोनशे मीटरवर विहिरीवर मोटर चालू आहे आणि दूर रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर जातो आहे.

प्रथम वारा. त्याचे दोन आवाज असतात. पानांची सळसळ वरच्या पट्ट्यातली, ती लो कटने जात नाही. पण ती प्रसंगाचीच आहे, राहू द्यावी. दुसरा आवाज म्हणजे वारा मायक्रोफोनवरच आपटून होणारी फडफड. ती खर्जाची असते, परंतु पडदा एकदा वाऱ्याने टोकापर्यंत हलला की त्याच्यामागच्या तारेत लावलेली गाळणी उपयोगाची नाही. हरवलेला शब्द परत येत नाही. म्हणून आधी मायक्रोफोनला जाळीची डबी आणि वर केसाळ कापडाची झूल, मग लो कट. मराठीत ख, घ, फ, भ या महाप्राणांचा तोंडातून सुटणारा झोतही असाच आदळतो. तळहात तोंडासमोर धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणून पाहावे. कॉलरला लावायचा बारीक मायक्रोफोन तोंडाखाली छातीवर असल्यामुळे या झोतातून सुटतो, पण सदऱ्याची खसखस घेतो.

ट्रॅक्टरची घरघर बरीचशी शंभर हर्ट्झच्या खाली. ८० हर्ट्झच्या आसपास तीव्र उताराचा लो कट लावला तर ती ओसरेल आणि बापाचा आवाज फारसा दुखावणार नाही. लेक लहान असेल तर त्याच्या मायक्रोफोनवर १२० किंवा १५० हर्ट्झपर्यंतही जाता येते. मात्र दोघांना एकाच नळीने टिपायचे असेल तर बापाच्या आवाजाला धरून चालावे.

खरी अडचण मोटरची. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला २९०० च्या जवळपास फिरते, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. चार ध्रुवांची त्याच्या निम्म्याने. हे दोन्ही सूर लो कट खाली दाबतो. पण चुंबकीय बल प्रत्येक आवर्तनात दोनदा वाढते-घटते, त्यामुळे मोटरची गुणगुण १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. आपल्या प्रयोगशाळेतल्या गाळणीतून ती ८१ टक्के पार होईल. ती कापण्याइतका लो कट वर नेला तर बापाच्या आवाजाचा मूळ सूरच त्यात जाईल. मेंदू तो भरून काढील हे खरे, पण टेलिफोनवर भरून काढतो तसा. बाप दूर गेल्यासारखा वाटेल.

आजच्या अंकीय यंत्रांत या निर्णयाची धार थोडी बोथट झाली आहे. मोजमापाचा आवाका मोठा असल्याने जागेवर हलकासा लो कट लावून बाकीची कापाकापी मिश्रणाच्या टेबलावर, पडद्यावर चित्र पाहून करता येते. १०० हर्ट्झवर अरुंद खाच पाडणारी गाळणीही तेथे मिळते. फिल्मवर आवाज छापणाऱ्या इराणी-दामल्यांना ही चैन नव्हती. तरीही अनुभवी ध्वनिमुद्रक आधी बांधावरून चालत विहिरीपर्यंत जातो. शेतकऱ्याला दहा मिनिटे मोटर बंद ठेवायला सांगणे हीच सर्वांत स्वच्छ गाळणी. पण शेतीची वीज ठराविक तासच येते, आणि ते तास चालू असताना झाडांना पाणी द्यायचे सोडून मोटर कोण बंद करील? मग बहुधा चित्रपटाचीच मंडळी वीज जाण्याची वाट पाहत बसतात. बॅटरीवर चालणारे त्यांचे यंत्र तयार असते, आणि वीज गेली की दिग्दर्शक नटांना उभे करतो.